कवटीच्या तळाचे ठिगळ

2003 सालची गोष्ट. दिवाळीच्या पहाटे आमची आत्या अंगणात रांगोळी काढायला वाकली आणि ठिपक्यांच्या ओळीवर टपटप दोन थेंब पडले. थेंब नाकातले, तेही डाव्याच नाकपुडीतले, आणि पाण्यासारखे स्वच्छ. घरातल्या सगळ्यांनी निदान केले : सर्दी. डॉक्टरांनीही तेच केले. सात महिने काढे, गोळ्या आणि वाफारे झाले. जूनमध्ये एका रात्री ताप चढला, मान लाकडासारखी ताठली, आत्या बरळू लागली. तेव्हा कुठे उमगले की, गळत होते ते सर्दीचे पाणी नव्हे, मेंदूभोवतीचे पाणी होते.

आपला मेंदू या पाण्यात तरंगत असतो. एका वेळी ते जेमतेम दीडशे मिलिलिटर असते, पण दिवसाला अर्धा लिटर नवे तयार होते आणि जुने रक्तात मुरते. मेंदूखाली, नाकाच्या छपराशी, चाळणीसारखे एक पातळ हाड आहे. वासाचे तंतू त्याच्या छिद्रांतून खाली उतरतात. हे हाड आणि त्यावरचे आवरण फाटले की पाणी खाली गळते. आणि ज्या वाटेने पाणी खाली येते, त्याच वाटेने नाकातले जंतू वर चढतात. कधी अपघाताने फाटते, तर कधी, विशेषतः मध्यमवयीन स्थूल बायकांत, आतला दाब वाढून आपोआपच.

आत्या तापातून उठली. पुढे दुर्बिणीने नाकावाटेच शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर येताच तिने विचारले, "काय हो डॉक्टर, भोक बुजवलंत ते कशानं?"

"तुमच्याच मांडीच्या आवरणानं. वरून थोडी खळ लावली."

"खळ? कसली?"

"रक्ताची."

आत्याचा प्रश्न भाबडा वाटेल, पण शल्यविशारदांनी त्यापायी शंभरावर वर्षे घालवली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मेंदूचे आवरण फाटले तर सोन्याचा वर्ख आणि रबराचा पातळ पापुद्रासुद्धा लावून पाहिला गेला. शरीराला परके ते शरीर धरून ठेवीना. मग लोक माणसाच्या स्वतःच्याच अंगाकडे वळले. मांडीच्या स्नायूंवर पांढरे, चिवट, कापडासारखे एक आवरण असते. 1926 साली बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडी यांनी कपाळाचे हाड उघडून, मेंदू हलकेच उचलून, त्याच आवरणाचे ठिगळ गळत्या भोकावर शिवले. कवटीच्या तळाची ही पहिली यशस्वी डागडुजी मानतात. पुढे ऑक्सफर्डच्या ह्यू केर्न्स यांनी हेच आवरण अपघातग्रस्तांसाठी वापरले. (मोटारसायकलस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट आले, तेही बरेचसे याच केर्न्स यांच्या खटपटीने. पुण्याच्या काही मंडळींनी त्यांना क्षमा केलेली नाही.)

कपाळातून जाणाऱ्या या वाटेची किंमत मात्र जबर होती. मेंदू उचलताना वासाचे तंतू तुटत. माणूस वाचे, पण भाजणीचा खमंग वास, उटण्याचा वास, पहिल्या पावसाचा वास त्याला कायमचा पारखा होई. म्हणून 1948 मध्ये स्वीडनचे डोलमन चेहऱ्याच्या बाजूने नाकात शिरले, 1952 मध्ये व्हिएन्नाहून बॉस्टनला जाऊन राहिलेले ऑस्कर हिर्श सरळ नाकातूनच गेले, आणि 1981 साली जर्मनीतल्या एरलांगेनच्या विगांड यांनी या कामात दुर्बीण आणली.

आता खळीविषयी. रक्त गोठताना त्यात फायब्रिन नावाचे तंतू विणले जातात. तीच निसर्गाची खळ. 1940 मध्ये ऑक्सफर्डला यंग आणि मेडावर यांनी सशांच्या तुटलेल्या नसा तिने चिकटवून पाहिल्या. पण ती फार पातळ, टिकेना. 1972 साली व्हिएन्नाच्या हेलेने मात्रास यांनी ती दाट करून वापरली तेव्हा तिला बळ आले. ती अनेकांच्या रक्तापासून बनवीत, त्यामुळे काविळीची भीती. अमेरिकेने 1977 मध्ये तिच्यातल्या मुख्य घटकाचा परवानाच काढून घेतला आणि तयार खळीला मंजुरी दिली ती थेट 1998 साली.

काविळीहून भयंकर प्रकरण वेगळेच होते. मृत देहांतले मेंदूचे आवरण काढून, सुकवून, पाकिटात भरून विकायचा धंदा 1969 पासून जर्मनीत सुरू झाला. किती सोयीचे! मांडी कापायला नको, पाकीट फोडले की ठिगळ तयार. 1987 साली अमेरिकेतील एका तरुणीच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या ठिगळाबरोबर तिच्या डोक्यात मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग शिरला होता. जपानमध्ये पुढे असे दीडशेहून अधिक रोगी सापडले, काही तर ठिगळ लावल्यानंतर वीस-वीस वर्षांनी. आत्याच्या मांडीवरचा दोन बोटांचा व्रण मला तेव्हापासून फार देखणा वाटतो.

तर मग सर्वांत चांगले ठिगळ कोणते? गंमत अशी की, 2000 साली 289 गळतींच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा पहिल्याच खेपेला नव्वद टक्के भोके बुजली होती. आणि मांडीचे आवरण, पोटाची चरबी की नाकातलीच त्वचा, यावरून फारसा फरक पडत नव्हता. लहान भोकाला काहीही चालते, हात कसबी हवा. चरबीचा गोळा भोकातून आत सरकवून मोरीच्या बुचासारखा बसवायची युक्तीही तितकीच कामी येते. खळ ही मदतनीस. ठिगळ जागचे हलू नये एवढेच तिचे काम.

मोठ्या भोकांचे गणित मात्र निराळे. गाठ काढल्यावर रुपयाएवढे खिंडार पडते, पाणी जोराने येते, आणि सुटे ठिगळ, ज्याला स्वतःचा रक्तपुरवठा नाही, ते कुजते किंवा सरकते. तिथे हवे जिवंत ठिगळ, देठासकट.

देठाची ही कल्पना आपल्या ओळखीची आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेला कावसजी नावाचा मराठा बैलहाक्या इंग्रज फौजेबरोबर होता. पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवे नाक करून दिले, आणि ही हकीकत ऑक्टोबर 1794 च्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये लंडनला छापून आली. मेणाच्या पत्र्याने माप घेऊन कपाळाची कातडी सोलायची, भुवयांमधला देठ तेवढा राखायचा, कातडी फिरवून नाकाच्या जागी बसवायची आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, नवी जागा धरल्यावर, देठ कापायचा. आंब्याचे कलम बांधणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. आणि सांधा चिकटवायला काय? तर कात! पानात खातो तोच, पाण्यात भिजवून चिंध्यांवर लावलेला. ठिगळही आले, खळही आली. ती हकीकत वाचून लंडनच्या कार्प्यू यांनी 1814 साली तशीच शस्त्रक्रिया केली.

2006 मध्ये अर्जेंटिनातील रोझारिओचे हदाद आणि बासागास्तेगी यांनी पिट्सबर्गच्या सहकाऱ्यांसह नाकाच्या पडद्याची त्वचा तिच्या मागच्या रक्तवाहिनीच्या देठावर उचलून कवटीच्या तळाशी फिरवण्याची रीत प्रसिद्ध केली. हा देठ मात्र कधी कापायचा नाही. 2012 साली मोठ्या खिंडारांच्या 609 रोग्यांचा हिशेब मांडला गेला. सुट्या ठिगळांत पुन्हा गळती 15.6 टक्के, देठाच्या ठिगळांत 6.7.

आत्याचे भोक मसुराएवढे, तिला मांडीचे सुटे ठिगळच पुरले. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे नाक शिंकरायचे नाही, वाकायचे नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून शिंकायचे, म्हणजे दाबाने ठिगळ उडणार नाही. त्या वर्षीची रांगोळी तिने हौसेने पुन्हा स्वतः काढली. चकल्या तळायला घेतल्या तेव्हा ती माजघरात होती. तिथूनच ओरडली, "अगं, मोहन कमी पडलंय, वासावरून कळतंय."