कुरणापर्यंत गेलेली शाळा

मुलाने शाळेत यावे, हा प्राथमिक शिक्षणाचा सर्वमान्य संकेत होय. आणि जे मूल येत नाही त्याच्या पालकास शासन व्हावे, ही कल्पनाही आपल्या इकडे नवी नाही. बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला व १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू केला. मूल न पाठविणाऱ्या पालकाकडून दंड वसूल होई. इंग्रज सरकारलाही जे धैर्य झाले नाही ते एका संस्थानिकाने दाखविले, याचा अभिमान मराठी माणसास वाटणे स्वाभाविकच आहे. तथापि ज्या घरची संध्याकाळची भाकर सात वर्षांच्या पोराच्या गुरे राखण्यावर अवलंबून आहे, त्या घरी दंडाने कितीसे साधावे? या प्रश्नाचा सर्वांत सरळ उलगडा पुढे ठाणे जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यात, दोन स्त्रियांनी केला.

ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या होत्या. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरात गेल्या. मॉन्टेसरीबाईंची पद्धती त्यांनी तेथे आत्मसात केली. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार निघाले. हे सर्व कार्य मोलाचे खरे, परंतु त्याचा लाभ घेणारी मुले बहुधा खाऊनपिऊन सुखी घरांतील होती, आणि हे ताराबाईंस बोचत असावे. १९४५ साली, वयाची त्रेपन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात त्यांस भेटल्या व कायमच्या सहकारी झाल्या.

दलित वस्तीतील मुले केंद्रात येईनात, तेव्हा केंद्रच त्यांच्या अंगणात भरू लागले. पहिला पाठ अक्षरांचा नव्हे, अंघोळीचा. नखे काढावीत, केस विंचरावेत, डोळे धुवावेत, खरजेला औषध लावावे. मग गाणे, मग गोष्ट. शिक्षणशास्त्राच्या जाड ग्रंथांत आरोग्याचे प्रकरण शेवटी येते. येथे ते आरंभी आले, कारण अंग खाजत असता मुलाचे चित्त कशातही लागत नाही. मॉन्टेसरीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी चिंचोके, शिंपले, खडे, पाने व बांबूचे तुकडे आले, आणि मोजणी, वर्गवारी, रंगांची ओळख ही सारी त्यांवरच झाली.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात नांदू लागली, हीच विकासवाडी. यातील मर्म साधे होते. धाकटे भावंड सांभाळावे लागते म्हणून घरी अडकलेली मुलगी त्या भावंडास काखेस मारून येई, त्यास पाळणाघरात ठेवी व स्वतः वर्गात बसे. तिला गैरहजर ठरवून नाव कमी करणे किती सोपे होते!

गुराखी मुलांचे काय? त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असत तेथेच शिक्षकाने जावे, झाडाच्या सावलीत मुले जमवावीत आणि गुरांवर नजर ठेवूनच शिकणे व्हावे. शाळेची वेळ, जागा, बाक, घंटा या ज्या गोष्टींस आपण शाळा म्हणतो त्यांतील एकही येथे उरली नाही. तरीही शिक्षण चालले. प्रस्तुत प्रयोगांत हाच सर्वांत धाडसी मानावा लागेल. मुलाच्या कष्टावर घर चालावे हे योग्य नव्हेच. पण ते दैन्य दूर होईतो त्या मुलाने निरक्षर राहावे, हे कोसबाडला मान्य नव्हते.

ताराबाईंस १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हे नाव देशभर मिळाले. कुरणशाळेच्या वाट्यास तसा प्रसार आला नाही. अनुताई मात्र १९९२ साली देह ठेवीपर्यंत कोसबाडच्याच होऊन राहिल्या.