पोलिओच्या पेटीतला बर्फ
पल्स पोलिओच्या बूथवर बर्फाची पेटी असते. 'औषध खराब होऊ नये म्हणून', एवढंच आपल्याला माहीत. पण खराब होतं म्हणजे नेमकं काय होतं? मी हे शोधत गेलो, तर थेट १९५०च्या दशकातल्या इंग्लंडला पोहोचलो.

१९५६ साली क्रिक आणि वॉटसन यांनी तर्क मांडला: विषाणूकडे जनुकं थोडी, म्हणजे त्याचं कवच एकाच नमुन्याचे छोटे तुकडे जुळवूनच बनत असणार. लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांनी पोलिओच्या विषाणूवर क्ष-किरणांचं काम हाती घेतलं. १९५८ साली, अवघ्या ३७व्या वर्षी, कॅन्सरने त्या गेल्या. सहकारी फिंच आणि क्लुग यांनी १९५९ साली ते काम पुढे नेलं आणि त्यांच्या स्मृतीला अर्पण केलं. रचना तशीच निघाली: साठ-साठ सारख्या तुकड्यांची, वीस त्रिकोणी बाजूंची.

पण हे कवच म्हणजे दगडी भिंत नव्हे. ते चाप लावून ठेवलेल्या उंदराच्या सापळ्यासारखं आहे. पेशीला चिकटलं की किंचित फुगतं, आकार बदलतो, आतला आरएनए पेशीत उतरतो. उष्णता लागली तर हाच चाप बाटलीतच सुटतो. मग तोंडावाटे दिलेले ते दोन थेंब वायाच.

भारतातला वाइल्ड पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला, हावड्याचा. त्यामागे वाडीवस्तीवर पेटी खांद्याला लावून फिरलेल्या ताईसुद्धा आहेत.

म्हणून सांगतो मंडळी, आरोग्य केंद्रातला लसीचा फ्रीज बंद पडला, तर ती बातमी किरकोळ समजू नका.