लग्न विहारात, पुरावा कुठे?

राहनाळच्या गोदामपट्ट्यातला एखादा तरुण कॅनडात स्थायिक झाला आणि बायकोला बोलावायचे ठरले, की पहिला प्रश्न प्रेमाचा येत नाही, कागदाचा येतो. तिथला नियम सरळ आहे. पत्नीसाठी तीन वर्षांचे हमीपत्र द्या, आणि लग्न जिथे झाले तिथल्या कायद्याने ते वैध आहे हे दाखवा. इथेच आपले घोडे अडते.

गोऱ्या देशांनी आपल्या लग्नांवर शंका घेणे नवे नाही. 14 मार्च 1913 रोजी केप टाउनमध्ये न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला, की ज्या धर्मात बहुपत्नीत्वाला मुभा आहे त्या धर्माच्या विधीने झालेले लग्न दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याला मान्य नाही. बाई मरियम यांना पत्नी म्हणून देशात येऊ दिले नाही. शाळेच्या पुस्तकात हे प्रकरण गांधींच्या चरित्रातली एक पायरी म्हणून येते. जिची वाट अडवली त्या बाईचे नाव कुणाला माहीत नसते. कॅनडाने तर तिथे स्थायिक झालेल्या भारतीयांच्या बायका-मुलांना 1919 पर्यंत दारातच रोखले होते. आणि 1979 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी झाली. ही आधीच कुणाची बायको असून वाग्दत्त वधूचे सोंग घेऊन आली आहे, असा अधिकाऱ्यांचा संशय! मनू तिथेही बसला होता, फक्त गणवेशात.

पण दोष सगळा परक्यांवर ढकलून आम्हाला चालणार नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने बौद्धांना कलम 2 मध्ये 'हिंदू' धरले. ज्या धर्माचा त्याग बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी केला, त्याच धर्माच्या नावाच्या कायद्याखाली आपली लग्ने आजही मोजली जातात. कलम 7 रूढीचे विधी मागते. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले, की विधी झाले नसतील तर या कायद्याखालचे नोंदणी प्रमाणपत्र लग्न सिद्ध करत नाही. परदेशी व्हिसासाठी आधी नोंदणी उरकणाऱ्या जोडप्यांचा उल्लेखही त्या निकालात आहे. मग त्रिशरण-पंचशीलाने झालेले लग्न कुणाच्या रूढीवर तोलायचे?

बाबासाहेबांनी स्वतः काय केले ते पाहा. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांनी नोंदणी विवाह केला. ना भटजी, ना सप्तपदी. 1872 चा मूळ विशेष विवाह कायदा वधूवरांकडून आपण हिंदू, बौद्ध, जैन वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून घेई. 1923 च्या दुरुस्तीने ही अट हिंदू, बौद्ध, शीख आणि जैनांपुरती सुटली. त्याची जागा 1954 च्या कायद्याने घेतली. त्याच्या कलम 13 नुसार विवाह अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र हाच लग्नाचा निर्णायक पुरावा. कुठला विधी केला, हे कुणी विचारत नाही.

आमच्या लोकांना विहाराचा दाखला पुरेसा वाटतो. तो विहाराला पुरतो, वकिलातीला नाही. ग्रामसेवकाकडची नोंद जरूर करा, 1998 च्या राज्य कायद्याने ती करायचीच आहे. पण ती नोंद लग्नाच्या वैधतेचा वाद मिटवत नाही. विहारात आधीच लग्न झालेल्यांना 1954 च्या कायद्यातील कलम 15 खुले आहे. दोघे 21 वर्षांचे हवेत, जिल्ह्यात 30 दिवसांचे वास्तव्य हवे आणि 30 दिवसांची जाहीर नोटीस लागते. आंतरजातीय जोडप्यांच्या जिवावर उठणारी ही नोटीस रद्द व्हावी म्हणून लढावेच लागेल. पण ज्यांच्या लग्नाला घरच्यांचा विरोध नाही, त्यांनी ठाण्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे अर्ज करायला अडचण काय?

बौद्ध विवाहाच्या स्वतंत्र कायद्याची मागणी जुनी आहे, आम्ही ती सोडलेली नाही. तोवर नवऱ्याच्या विमानाचे तिकीट निघण्याआधी दोघांनी एकदा ठाण्याला जाऊन यावे.