कॅव्हेंडिश प्रयोगशाळा

कॅव्हेंडिश प्रयोगशाळा हा इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग होय. १८७४ साली सुरू झालेल्या या प्रयोगशाळेचे पहिले प्रमुख जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे होते.

संशोधन

जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये येथे इलेक्ट्रॉनचा, तर जेम्स चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉनचा शोध लावला. मुंबईत जन्मलेले होमी भाभा यांनीही येथे संशोधन केले.

विद्यार्थ्यांची कामगिरी

१८९५ पासून इतर विद्यापीठांच्या पदवीधरांनाही येथे संशोधनाची मुभा मिळाली. न्यूझीलंडहून आलेले अर्नेस्ट रदरफोर्ड हे अशा आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक. १९१९ मध्ये तेच प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१२ मध्ये विद्यार्थिदशेत स्फटिकांतील क्ष-किरण विवर्तनाचा नियम मांडला. त्यांना १९१५ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, वडिलांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६७ मध्ये संशोधक विद्यार्थिनी जोसेलिन बेल यांना रेडिओ दुर्बिणीच्या कागदी आलेखांत एक बारीकशी अनियमित खूण दिसली. कागद अधिक वेगाने सरकवून नोंदी घेतल्यावर दर १.३४ सेकंदांनी येणारे रेडिओ स्पंद स्पष्ट झाले. हा पहिला ज्ञात पल्सार होय. या शोधातील निर्णायक वाट्यासाठी १९७४ चे नोबेल पारितोषिक बेल यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना मिळाले. मार्टिन राइल हे सहविजेते होते. बेल यांना वगळल्याबद्दल खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी जाहीर टीका केली. २०१८ मध्ये बेल यांना ३० लाख डॉलरचे विशेष ब्रेकथ्रू पारितोषिक देण्यात आले. भौतिकशास्त्रात अल्पसंख्य असलेल्या समाजघटकांतील संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी त्यांनी ती रक्कम देऊन टाकली.