तांत्रिक इंग्रजीची शब्दसूची : ‘ओळखीचे’ शब्दच फसवे

सांगली जिल्ह्यात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. सातारा जिल्ह्यात सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांचा लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला. लेथ, फाउंड्री, फिटर, टर्नर हे शब्द त्यामुळे या परिसरातील कामगारांच्या बोलीत केव्हाच रुळले. पुढे सांगलीत १९४७ मध्ये आणि कराडला १९६० मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. तरीही मराठी माध्यमातून दहावी होऊन आयटीआय किंवा पदविकेकडे वळणारा विद्यार्थी इंग्रजी क्रमिक पुस्तकापुढे अडखळतो.

तो अडखळतो ते यंत्रांच्या नावांपाशी नव्हे, तर ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांपाशी. ‘यील्ड’ म्हणजे पीक, हे शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते. धातुशास्त्रात मात्र ताण काढल्यावरही धातू पूर्ववत होत नाही, त्या अवस्थेचा आरंभ या शब्दाने दर्शवितात. ‘प्ले’ म्हणजे खेळ नव्हे, तर दोन सुट्या भागांतील मोकळीक. प्रश्नपत्रिकेतील ‘स्टेट’ म्हणजे राज्य नव्हे, तर ‘नमूद करा’. उत्तर येत असूनही प्रश्न न कळल्याने गुण जातात, ते येथे.

मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. ॲव्हरिल कॉक्सहेड यांच्या २००० सालच्या सूचीत ५७० शब्दकुले आहेत. परंतु ती कला, वाणिज्य, विधी व विज्ञान या शाखांच्या लेखनावर आधारलेली आहे. इंग्रजीत कच्च्या असलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी जेरेमी वॉर्ड यांनी २००९ मध्ये अवघ्या २९९ शब्दांची सूची केली. सूची जितकी नेमकी, तितकी ती आटोपशीर होते, हे त्यावरून दिसते.

अशी सूची क्रमिक पुस्तके, प्रश्नपत्रिका आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका यांतून करावी. शब्द किती वेळा येतो आणि किती विषयांत येतो, हे दोन्ही मोजावे. प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थ, छोटे वाक्य आणि जोडीने येणारे शब्द द्यावेत; ‘लोड’ या शब्दाबरोबर ‘अप्लाय’ शिकविल्याखेरीज वाक्य बनत नाही. ‘स्ट्रेस’साठी ‘प्रतिबल’ ही मराठी संज्ञा जोडीला दिल्यास संकल्पनाही उलगडते.

द्विभाषिक शिक्षणाचा पर्याय आता पदविकेला मिळाला असला, तरी यंत्रांच्या पुस्तिका व मानके बहुतांशी इंग्रजीतच असतात. म्हणूनच सूचीचे काम संपलेले नाही. कारखान्यात निपुण ठरणारा हात परीक्षेत केवळ एका क्रियापदामुळे मागे पडू नये, हाच तिचा हेतू.