दिनविशेष : २२ फेब्रुवारी
डोंगरवाटांचा फिडलमास्तर

१९६३ : आयर्लंडच्या केरी परगण्यातले फिडलवादक पॉड्रिग ओ'कीफ यांचे निधन.

जन्म १८८७चा. वडील ग्लाउंटनच्या शाळेत हेडमास्तर. पुढे तीच खुर्ची मुलाकडे आली, पण शाळेच्या वेळापत्रकात त्याचा जीव रमेना. १९२०मध्ये नोकरी गेली. आयरिश संगीताच्या दृष्टीने बरेच झाले म्हणायचे! त्यानंतरची चार दशके ओ'कीफ केरी-कॉर्कच्या सीमेवरच्या श्लीव्ह लुआख्रा या डोंगराळ मुलखात पायी हिंडत घरोघर फिडल शिकवत राहिले. फिडल म्हणजे व्हायोलिनच. बाज तेवढा लोकसंगीताचा.

शेतकऱ्यांच्या पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी कुठून येणार? मास्तरांनी स्वतःचीच लिपी काढली. पाच रेघांमधल्या चार मोकळ्या जागा म्हणजे चार तारा आणि त्यांत लिहिलेला आकडा म्हणजे तारेवर ठेवायचे बोट. अशी हाताने लिहिलेली पाने शिष्यांनी जपून ठेवली. डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड ही भावंडे त्यांचीच शागीर्द. या मुलखाची ओळख असलेल्या पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या चाली त्यांनी दूरवर पोहोचवल्या. खुद्द गुरूचे वादन ध्वनिमुद्रित केले ते संग्राहक शेमस एनिस यांनी.

मास्तरांना गप्पांचा आणि दारूच्या गुत्त्याचाही तितकाच नाद. त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव कॅसलआयलंड गावात ऑक्टोबरअखेरच्या जोडसुटीत भरतो. तिथेही मैफली रंगतात त्या पबमध्येच.