भेंडी-टोमॅटोच्या भाजीचें कुळ

भेंडी धुऊन, कोरड्या फडक्यानें पुसून, चकत्या करून तेलांत खरपूस परतावी आणि कांदा घालून शिजविलेल्या टोमॅटोच्या दाट रसांत सोडावी. ही भाजी आतां आपल्याकडे पुष्कळ घरांतून होते. चिरतांना भेंडीला जी तार सुटते ती पाण्यानें वाढते. तापलेल्या तेलानें व आंबट रसानें ती मोडते. आपल्याकडे भेंडींत आमसूल किंवा चिंच घालतात, त्यांतील मर्म हेंच. या जोडीमागें पाककौशल्य आहे तसा इतिहासहि आहे. पण तो पानांत वाढलेल्या भाजीइतका सौम्य नाहीं.

आपल्याकडे ‘वेलवांगें’ म्हणूनहि ओळखला जाणारा टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. मेक्सिकोंतील नाहुआत्ल भाषेंतल्या ‘तोमात्ल’ या शब्दावरून त्याचें नांव पडलें. भेंडीच्या मूलस्थानाविषयीं वनस्पतिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तथापि अमेरिकेंत ती गेली ती आफ्रिकेंतून, गुलामांच्या व्यापाराच्या वाटेनें. त्या व्यापारांत सव्वा कोटीच्या आसपास माणसें जहाजांत कोंबलीं गेलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इंग्रजींतील ‘ओक्रा’ हा शब्द आजच्या नायजेरियांतील इग्बो भाषेंतून आला. भेंडीच्या दाट कालवणास ‘गंबो’ म्हणतात, तो शब्द अंगोलाकडील बांटू भाषांतून. माणसांना मालकांनीं नवीं नांवें दिलीं. भाजीचें नांव मात्र टिकलें.

हे दोन प्रवासी अमेरिकेच्या दक्षिण भागांतील एकाच भांड्यांत भेटले. १८२४ सालीं मेरी रँडॉल्फ या व्हर्जिनियांतील प्रतिष्ठित कुळांतल्या स्त्रीचें ‘द व्हर्जिनिया हाउसवाइफ’ हें पाकशास्त्राचें पुस्तक निघालें. भेंडी व टोमॅटो समभाग घेऊन, लोणी, कांदा, मिरीं व मीठ घालून, पाण्याशिवाय तासभर शिजवावीं, अशी कृति त्यांत येते. पुस्तकावर नांव रँडॉल्फबाईंचें; पण तशा घरांत चुलीपुढें उभीं असत तीं गुलाम माणसें. आपली विद्या त्यांनीं आपण लिहावी, तर ती सोय नव्हती. १८३१ सालीं व्हर्जिनियानें कृष्णवर्णीयांस लिहावयास-वाचावयास शिकविण्यासाठीं मेळावे भरविणें हा गुन्हा ठरविला.

अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें उठली. पुढें १८८१ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें ॲबी फिशर यांचें पाककृतींचें पुस्तक प्रसिद्ध झालें. दक्षिण कॅरोलायनांत गुलामगिरींत जन्मलेल्या या बाईंस लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्यांनीं सांगावें व इतरांनीं उतरून घ्यावें, अशा रीतीनें तें सिद्ध झालें. त्यांतहि भेंडीचा गंबो आहे. ज्या हातांनीं ही विद्या जपली, त्यांतील एका हाताचें नांव, रँडॉल्फबाईंच्या पुस्तकानंतर ५७ वर्षांनीं, अशा तऱ्हेनें मुखपृष्ठावर आलें.

लेखी कागद तेवढाच पुरावा मानणाऱ्यास भेंडी-टोमॅटोच्या भाजीचा उगम रँडॉल्फबाईंपाशींच सांपडेल. त्यांचें श्रेय नाकारावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं लिहिलें नसतें तर ती कृति आपणांस कदाचित् कळलीहि नसती. परंतु लिहिणारा तो निर्माता, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. कागद जेथें मुका होतो तेथें शब्द साक्ष देतो, आणि ‘ओक्रा’ व ‘गंबो’ या शब्दांची साक्ष निःसंदिग्ध आहे.

हा प्रश्न केवळ परदेशचा नव्हे. आपल्याकडेहि पाकशास्त्राचीं पुस्तकें शेंकड्यांनीं निघतात. त्यांतील कृति कोणा आत्याबाईंच्या, कोणा स्वयंपाकीणबाईंच्या हातून आलेल्या असतात, पण त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. एखादी कृति वहींत उतरून घेतांना ती कोणी शिकविली, एवढी एक ओळ आमच्या वाचकभगिनींनीं व बंधूंनीं तिच्याखालीं अवश्य लिहावी.